टाळ्या न मिळालेली साक्ष

तुम्हाला क्षय झाला असेल तर गोळ्या घ्या. सगळ्या घ्या, शेवटपर्यंत घ्या. आणि मुरबाडकडच्या कोणी तुम्हाला सांगितलं की सापगावच्या काशिनाथने गोळ्या कालव्यात फेकल्या आणि तो नुसत्या प्रार्थनेने बरा झाला, तर त्याला सांगा की तो काशिनाथ मीच, आणि मी एकही गोळी फेकलेली नाही. माझी तेवढी छातीच नव्हती. आमच्या घरात गोळ्या बायकोच्या ताब्यात होत्या.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण वाचणं अर्ध्यात सोडणारे फार असतात. गोळ्या अर्ध्यात सोडणारेही असतात. त्यातला एक माझ्यामुळे सोडून बसला होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

खोकला

माझी नोकरी भातसानगरला, धरणावर झाली. काम साधं होतं, पाण्याची पातळी लिहून ठेवायची. पण घरी पाहुणे आले की मी सांगायचो, एकदा धरणाचा दरवाजा अडकला होता आणि मी वेळेवर धावलो नसतो तर आज शहापूर नकाशात नसतं. दरवाजा अडकला होता हे खरं. धावला दुसराच माणूस. मी चहा घेत होतो. माझा स्वभावच असा, गोष्ट हातात आली की ती वाढवून दिल्याशिवाय राहवत नाही. नदीत पकडलेला मासा घरी येईपर्यंत हातभर व्हायचा आणि सुमन, माझी बायको, टोपलीत बघून म्हणायची, "बाकीचा कुठं ठेवलात?"

खोकला सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, भाताच्या झोडणीची धूळ. मग म्हटलं, बिडी. बिडी सोडली तरी खोकला गेला नाही. लेंग्याची नाडी लांब होत चालली. एक दिवस सकाळी चूळ भरताना लाल दिसलं. मी पायाने माती सारली, पण सुमनने पाहिलं होतं. तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं, पदर खोचला आणि मला रिक्षात घालून शहापूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझी नात शोभेल अशा वयाची. छातीचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाली, "आजोबा, टीबी आहे." त्यापुढे ती पुष्कळ बोलली. बरा होतो म्हणाली, गोळ्या फुकट मिळतात म्हणाली, घाबरू नका म्हणाली. हे सगळं मला सुमनने नंतर सांगितलं. मी पहिल्या शब्दालाच अडकून बसलो होतो. आमच्या लहानपणी क्षयाच्या माणसाला शेताच्या कडेला झोपडी बांधून द्यायचे. त्याचं ताट घरात परत येत नसे. बहुतेकदा माणूसही येत नसे.

घरी येऊन मी वाटप सुरू केलं. चांगली छत्री शेजारच्या धर्माला दिली. नव्या चपला त्याच्या भावाला. काशाचं ताट भाचीला. सुमन बघत होती. मी घोंगडीला हात घातला तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर द्यायचं असतं. जित्तेपणी देऊन टाकलंत तर भिजत फिराल." आणि घोंगडी काढून घेतली. छत्री आजही धर्माकडे आहे. पावसात तो माझ्यासमोरून जाताना ती जरा बाजूला धरतो, मला दिसू नये म्हणून.

मुलगा कल्याणला असतो. त्याचा फोन आला. सध्या बाळाला घेऊन येत नाही म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवून गोठ्यात जाऊन बसलो. तेव्हा मात्र वाढवून सांगायला काही नव्हतं. जेवढं होतं तेवढंच पुरे होतं.

वॉर्ड

छातीत पाणी झालं म्हणून काही दिवस भरती केलं. वॉर्डाचं एक रहाटगाडगं असतं. सकाळी झाडू खाटेखालून फिरतो, त्याने पहिली जाग येते. मग चहा, मग सुई, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळे पेशंट शाळेतल्यासारखे ताठ बसतात. दुपारी घरचे डबे उघडतात. माझ्या शेजारच्या खाटेवर शेणवे गावचे एक म्हातारे होते. त्यांना दम्यामुळे बोलता येत नसे, पण कोणाच्या डब्यात काय आहे हे ते मान उंच करून बघत. सुकट असली की त्यांचा दम जरा उतरायचा.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी संडासातून ओरडत बाहेर आलो की माझी लघवी केशरी झाली, काळीज फुटलं. सगळा वॉर्ड उठून बसला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, मी काल सांगितलं होतं ना, त्या गोळीने रंग येतो. गोळी पोचली म्हणायची." त्यांनी सांगितलंही असेल. मी टीबी शब्दानंतर ऐकणंच बंद केलं होतं.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसा, मीही आता हसतो. पण भीती खरी होती. ती पोटात बसायची. माणसं भेटायला येत, दाराशी उभी राहत, रुमाल नाकाला लावत आणि म्हणत, "काय होत नाय तुला." आणि जात. प्रत्येक जण काय होत नाय म्हणून गेला की मला वाटायचं, म्हणजे होतंय.

अशा एका दुपारी जयवंत आला. जयवंत धरणावर माझ्याबरोबर पंपावर होता. तो ख्रिस्ती झाला तेव्हापासून मी त्याला आमेन म्हणायचो. नोकरीभर म्हणत आलो. पंप बंद पडला की चार माणसांत मोठ्याने विचारायचो, "काय रे आमेन, तुझा देव येतो का पाना घेऊन?" सगळे हसायचे. तोही हसायचा. निवृत्त झाल्यावर तो पास्टर झाला, म्हणजे आमच्याकडच्या पाच-पंचवीस घरांची मंडळी रविवारी त्याच्या अंगणात जमायची, ती सांभाळायचा.

तो मास्क लावून आला आणि दाराशी न थांबता माझ्या खाटेवर पायाशी बसला. उकडलेली अंडी आणली होती. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भीती वाटते का रे?"

इतक्या माणसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, वाटते.

"प्रार्थना करू?"

मी म्हटलं कर, पण हळू, बाजूचे झोपलेत. बाजूचे झोपले नव्हते, अंडी बघत होते.

मला वाटलं आता हा हात वर करून गर्जेल. त्याने माझ्या पायावर हात ठेवला आणि शेजारच्याशी बोलावं तसं बोलला. "देवा, हा काशिनाथ. तुला ठाऊक हाय हा कसा हाय तो. आता घाबरलाय. तू ह्याच्यासोबत र्‍हा." बस. मी वाट बघत राहिलो. पुढे काही नाही.

मी विचारलं, "बरा कर, असं नाय म्हटलंस?"

"ते रोज म्हणतो घरी. आज तू घाबरलेला दिसलास, ते आधी." आणि जाता जाता म्हणाला, "गोळी चुकवू नको. ती पण त्याचीच हाय."

तो गेल्यावर मी अंडं सोलायला घेतलं. सोलता सोलता ध्यानात आलं की पोटातली ती भीती जागेवर नाही. दाढ दुखायची थांबली की जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथे जाते, तसं मी आत चाचपून बघत होतो. नव्हती. खोकला होता. ताप होता. उद्या मेलो असतो तरी मेलो असतो. पण कोणीतरी खाट धरून बसलंय असं वाटत होतं, आणि त्याला माझा सगळा कारभार माहीत आहे, धरणाच्या गप्पांसकट, तरी तो उठून जात नाही. मला हसू फुटलं. पोटातून, खोकत खोकत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेणव्याच्या म्हाताऱ्यांनी घंटी दाबली. सिस्टर आल्या, हसण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आनंद झालाय. त्यांनी ताप बघितला.

दुसऱ्या खेपेला जयवंत आला तेव्हा मी त्याची माफी मागितली, आमेन म्हणत आलो त्याबद्दल. तो म्हणाला, "सोड रे. पंप पण दर वेळी सुरू झालाच ना."

देव तुमचा, गोळ्या माझ्या

घरी आल्यावर मी रविवारी जयवंतकडे जाऊ लागलो. सुमनला हे आवडलं नाही. ती गणपती बसवणारी, सोमवार धरणारी. भांडली नाही, पण एकदा स्पष्ट सांगून ठेवलं. "देव तुमचा तुमी बघा. गोळ्या माझ्या." रोज सकाळी पेजेचं भांडं आणि गोळ्या घेऊन ती समोर उभी राहायची. गिळून झाल्या की म्हणायची, "जीभ वर करा." मी जीभ वर करायचो. "डावीकडं." डावीकडे. गुरांच्या डॉक्टरनेसुद्धा आमच्या बैलाचं तोंड इतकं तपासलं नसेल. गोळ्यांनी मळमळायचं, तोंडाला चव नसायची, कधी कधी मी रडकुंडीला यायचो. ती म्हणायची, "रडा, पण गिळून रडा."

मी बरा झालो तो असा. आता पुढचं सांगतो.

साक्ष

आमच्या मंडळीत रविवारी गाणी झाली की पास्टर विचारतात, कोणाची साक्ष आहे? मग ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा खोकला अजून होता. मी म्हटलं, मी आजारी होतो, फार घाबरलो होतो, माझी भीती गेली, मला आनंद झाला आणि तो अजून आहे. एवढं बोलून बसलो. एक आमेन आला, तोही जयवंतचा.

माझ्यानंतर एक बाई उभी राहिली. तिची म्हैस हरवली होती, प्रार्थनेनंतर नदीपलीकडे सापडली. टाळ्यांचा पाऊस पडला. गाणं सुरू झालं. म्हाताऱ्या उठून नाचल्या.

मला त्या म्हशीचा हेवा वाटला. आज सांगायला लाज वाटते, पण सगळ्याची सुरुवात तिथे झाली.

गोळ्या संपल्या, फोटो स्वच्छ आला. मुरबाडच्या मंडळीने मला साक्षीला बोलावलं. जयवंत त्या दिवशी आपल्या अंगणातली सभा सोडून येऊ शकत नव्हता, मी एकटाच गेलो. तिथे माझ्याकडे इतके चेहरे बघत होते की नुसतं "भीती गेली" म्हणून बसणं जमेना. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले कठीण आहे. टाळ्या आल्या. पुढच्या वेळी सरळगावला डॉक्टरांनी हात टेकले. टाळ्या वाढल्या. त्यापुढच्या वेळी, पुन्हा मुरबाडला, मी गोळ्यांची पिशवी घेऊन भातसाच्या कालव्यावर गेलो आणि म्हटलं, प्रभू, आता तू किंवा कोणी नाही, आणि पिशवी पाण्यात सोडली. लोक उभे राहिले. बायका रडल्या. मीही रडलो. खरंच रडलो, कारण सांगताना मला तो कालवा दिसत होता.

पेजेत पाणी वाढवत जावं तशी ती गोष्ट वाढली, आणि शितं कमी होत गेली. मुरबाडहून परत येताना जीपमध्ये मी आत चाचपून बघायचो. तो वॉर्डातला आनंद होता तिथे मला आता टाळ्याच ऐकू यायच्या. सभा संपून जरा वेळ गेला की त्याही नाही. मग पुढचं बोलावणं कधी येतं याची वाट बघायची.

मुरबाडच्या त्या सभेत सगळ्यांत पुढच्या रांगेत माझा मेव्हणा दामू बसला होता. सुमनचा धाकटा भाऊ. मुरबाडजवळ राहतो, घरची शेती करतो. माझ्या साक्षीने त्याचा विश्वास बसला असं तो मंडळीतल्या सगळ्यांना सांगायचा आणि मी मान खाली घालून विनयाने हसायचो. तेव्हाच तो खोकत होता.

फोन

दामूला क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या. आम्ही जाऊन बघून आलो, सुमनने त्याच्या बायकोला, सविताला, जीभ तपासायची रीत शिकवली. वाटलं, झालं.

मग एक दिवस सविताचा फोन आला. सुमनने स्पीकर लावला होता. सविता म्हणाली, "ताई, ह्यांनी गोळ्या ओढ्यात फेकल्या. म्हंतात दाजींनी पण फेकल्या व्हत्या. आता परत रक्त पडतंय, पण ऐकत नायत."

सुमनने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या कालव्याची गोष्ट माहीतच नव्हती. ती सभेला कधी येत नसे. मला ती सगळी, सरळगावासकट, सांगावी लागली. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं. ताट समोर ठेवलं, आणि स्वतः न जेवता पायरीवर जाऊन बसली. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "माझा एकच भाऊ हाय."

मोबाइलमधले दाजी

सकाळी पहिल्या गाडीने आम्ही दोघं दामूकडे गेलो. तो पडवीत खाटेवर होता. गालांची हाडं वर आली होती, पण मला बघून चेहरा उजळला. मी वेळ न घालवता सांगितलं की दामू, मी खोटं बोललो, मी सगळ्या गोळ्या घेतल्या, तुझी बहीण साक्षीला आहे.

तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, हे तुमी नाय बोलत. सैतान तुमच्या तोंडून बोलतोय."

मी शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ घ्यायची नाही असं शास्त्रात आहे. मी म्हटलं मला शास्त्र शिकवू नको. तो म्हणाला, "तुमचा विश्वास ढळला. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." आणि उशाखालून मोबाइल काढून लावला. त्यातून सभेत भरून घेतलेला माझाच आवाज यायला लागला. काय आवाज होता! भरदार, कापरा, मधेच थांबणारा. मी पिशवी घेऊन कालव्यावर चाललो होतो. पडवीत बसून मीही क्षणभर ऐकत राहिलो. सुमनने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आलो.

दामू मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाला, "मला हे दाजी खरे वाटतात."

आयुष्यभर मी वाढवून सांगितलेलं कोणी सगळं खरं मानलं नव्हतं. एकाने मानलं, आणि तो रक्त थुंकत होता.

मी जयवंतला फोन केला. पहिल्यांदा सगळं त्याला सांगितलं. वाटलं चिडेल. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, जिथं गाठ मारलीस तिथंच सोडावी लागेल, मी पण येतो रविवारी मुरबाडला.

रविवार

सभा पत्र्याच्या मांडवात होती. सविता आणि सुमन दामूला रिक्षातून घेऊन आल्या, तो मास्क लावून कडेला, वारा येतो तिथे बसला. सुमन आयुष्यात पहिल्यांदा सभेला येत होती. कपाळावर हे एवढं कुंकू लावून, सगळ्यांच्या पुढे बसली. नवरा खोटारडेपणा कबूल करणार, हे तिला कोणाकडून ऐकायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हालेलुया," मंडळी म्हणाली.

मी म्हटलं, हालेलुया नका म्हणू, डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. "आमेन," मागून आलं. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, किती नम्र माणूस आहे. मी जितकं स्वतःला खाली ओढत होतो तितके लोक मला वर चढवत होते. मी घामाघूम झालो. शेवटी म्हटलं, मी गोळ्या कालव्यात फेकल्या नाहीत, आणि माझ्याच नेहमीच्या आवाजाने घात केला. तो कापरा झाला. एका भावाने टाळी वाजवली.

तेव्हा सुमन उठली. कोणाला विचारलं नाही. "मी गणपती बसवणारी बाई हाय," ती म्हणाली, "मला तुमचं काय कळत नाय. पण ह्या माणसाचं तोंड मी रोज उघडून बघितलंय." आणि मग तिने सगळं सांगितलं. पेज, मळमळ, जीभ वर, जीभ डावीकडे, मी गोळी गालात लपवून परसात थुंकायला निघालो होतो आणि तिने मान धरून परत आणलं तो दिवस, केशरी लघवीचं ओरडणं. मांडवात आधी कोणीतरी फिसकलं, मग सगळे हसायला लागले. जयवंत तोंडावर हात धरून हसत होता. मला मारायला कोणी काठी उचलली नाही, पण ते हसणं मला काठीसारखंच लागलं, आणि विचित्र म्हणजे बरंही वाटलं.

फक्त दामू हसत नव्हता. हसणं संपल्यावर तो कडेला बसल्या जागेवरूनच बोलला. "मग दाजी, देवानं काय केलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याला वाढवलेलं उत्तर माझ्याकडे चांगलं होतं. ते ओठांवर आलंही. मी ते गिळलं, आणि तेव्हा जीभ वर करायला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी मरंन असं वाटत व्हतं, तेवा तो माझ्यासोबत बसला. बरा नव्हतो झालो. खोकत व्हतो. तरी आनंद झाला. तेवढंच खरं हाय, दामू. त्याला टाळ्या मिळत नायत म्हणून मी बाकीचं लावलं."

दामूला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, "मला तर आनंद होतच नाय. गोळ्या फेकल्या त्या दिवसापासून रोज बघतो, माझा विश्वास पुरला का नाय. परत रक्त पडलं की वाटतं, कमी पडला. तुमी फेकून बरे झालात, मी फेकून मरतोय, म्हणजे देव तुमचा, माझा नाय."

मी त्याच्या गोळ्याच नव्हे, त्याचा देवही ओढ्यात टाकून आलो होतो. ज्याला आनंद म्हणून सांगितलं ते मी त्याच्या हातात मजुरीसारखं दिलं होतं. आधी एवढा विश्वास टाक, मग मोजून मिळेल.

जयवंत उठून त्याच्याजवळ गेला. त्याने काही शिकवण दिली नाही. वॉर्डात मला विचारलं होतं तेच दामूला विचारलं, "भीती वाटते का रे?" दामूने मान हलवली आणि मोठा माणूस रडावा तसा, आवाज न करता रडला. जयवंतने त्याच्या पायावर हात ठेवला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं. ते दामूचं होतं.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. गोळ्या का सोडल्या हे डॉक्टरांनी विचारलं. दामूने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर मला बोलायला लागले ते बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून बघेपर्यंत बोलले. मधेच गोळ्या सोडल्या की आजार चिवट होतो, म्हणाले, आता पुन्हा तपासण्या, पुन्हा पहिल्यापासून, कदाचित जास्त दिवस. मी सगळं ऐकलं. या खेपेला पहिल्या शब्दापाशी थांबलो नाही.

गोळ्या समोर बसून गिळवायला कोणीतरी जबाबदार माणूस हवा, असं ते म्हणाले. सुमनने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे र्‍हातील त्याच्याकडं. मी शिकवून पाठवते."

म्हणून सध्या मी मुरबाडला मेव्हण्याच्या घरी राहतो. रोज सकाळी त्याच्यासमोर बसतो. दामू मला शिव्या देतो, मळमळ झाली की माझ्याच पायावर ओकतो, आणि म्हणतो, "दाजी, मोबाइलमधले तुमी लई बरे व्हता." तो मोबाइलमधला आवाज पुसून टाक म्हटलं तर पुसत नाही. हसायला ठेवलाय म्हणतो.

तो बरा होईल की नाही हे अजून ठरलेलं नाही. वजन थोडं वाढलंय. रक्त पडायचं थांबलंय. डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत, आणि मी त्यांच्या तोंडात काही घालणार नाही.

वॉर्डातला तो आनंद मला परत मिळाला का, असं जयवंतने विचारलं. मी म्हटलं, तो गेलाच नव्हता, मीच टाळ्यांकडे कान लावून बसलो होतो म्हणून ऐकू येत नव्हता. आता दामूची उलटी पुसतानासुद्धा तो असतो. मला कळत नाही कसा, पण असतो.

गेल्या रविवारी मुरबाडच्या मांडवात पास्टरांनी विचारलं, कोणाची साक्ष आहे? मी खाली बघत बसलो. मला कोणी विचारतही नाही हल्ली. कडेला दामू खांबाला धरून उठला. मास्क सारखा केला.

"मी अजून बरा नाय," तो म्हणाला. "पण काल झोप लागली."

आणि खाली बसला. टाळी कोणी वाजवली नाही. मग हळूहळू, कोणी न सांगता, लोक आपल्या जागेवरून सरकत सरकत कडेला त्याच्याजवळ जाऊन बसायला लागले, आणि मांडवाची मधली जागा रिकामी झाली.